इथे कोण नांदतं?

गौरी यायच्या दिवशी सकाळी शरच्चंद्र पलंगाच्या काठावर बसून शर्टाची बटणं लावत होते आणि क्षमा चहाचा कप हातात धरून दारात उभी होती. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात रुसलेला होता. डाव्या हाताने एक बटण लावायला इतका वेळ लागायचा की बघणाऱ्याचाच जीव जावा. मदत केलेली त्यांना खपत नसे. सुरुवातीला क्षमा पुढे व्हायची आणि बोलणी खायची. आता ती नुसती उभी राहायची आणि चहा गार झाला की दुसरा करून आणायची.

"यज्ञेशचा फोन होता," तिसऱ्या बटणाशी झुंजत सासरे म्हणाले. "कनिष्ठेचा मुखवटा मुलुंडला न्यायचा म्हणतोय. पुढच्या वर्षीपासून बायकोची गौर आपल्या घरी बसवणार. डबासुद्धा आणलाय म्हणे, आत स्पंज लावलेला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? गौरी सुनांच्या असतात. म्हटलं, क्षमा ठरवील."

क्षमाच्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. वर्षातून एकदा जावेच्या शेजारी उभं राहायचं, तिच्यासोबत पुरण वाटायचं, फोटोत हसायचं, हे सगळंच मुलुंडला जाणार असेल तर गौराईच पावली म्हणायची. तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच शरम वाटली.

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

"मला वाटतं हे बटण कोणीतरी मुद्दाम छोटं केलंय," शरच्चंद्र म्हणाले. त्यांना बोलायचं नसलं की ते असंच काहीतरी बोलायचे.

भांडण कशाचं होतं ते पार्ल्यातल्या त्यांच्या इमारतीत लिफ्टमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी क्षमाच्या मुलीचं, नेत्राचं लग्न ठरलं होतं. मुलगा बोरिवलीचा, स्वभावाने मऊ, नेत्राला मनापासून आवडलेला. नेत्राला लहानपणी फिट यायच्या. कॉलेजात गेल्यापासून एकदाही आली नव्हती, तरी तिने पहिल्याच भेटीत त्याला सांगून टाकलं होतं. त्याने मात्र ते घरी सांगितलं नव्हतं. योग्य वेळ बघून सांगतो म्हणणाऱ्या मुलांची योग्य वेळ कधी येत नाही. ती आणली शर्मिष्ठाने, क्षमाच्या या जावेने. कुणाच्या तरी डोहाळजेवणात तिला मुलाची आई भेटली आणि ती पुतणीचं कौतुक करायला गेली, "आमच्या नेत्राने फिटचा केवढा त्रास काढला हो लहानपणी, आणि आता बघा, अंधेरीच्या लॅबची इन्चार्ज आहे." दसऱ्याच्या आधी बोरिवलीहून नकार आला.

इथपर्यंत क्षमाने गिळलं असतं. बोलण्याच्या ओघात जीभ कुणाची घसरत नाही? पण तिने जाब विचारला तेव्हा शर्मिष्ठा सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "पण वहिनी, लपवायचंच कशाला?" लपवलं कोणी होतं? ते वाक्य क्षमाच्या घशात कुसळासारखं अडकून बसलं, आणि त्या दिवसापासून तिने जावेला नावाने हाक मारली नव्हती.

मंगळवारच्या फोनची कल्पना शरच्चंद्रांची. संक्रांत झाल्यावर एकदा ते म्हणाले, "तिला माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ. दर मंगळवारी तिला फोन करून माझी तब्येत सांग, एवढंच. यज्ञेशने विचारलं की मी 'झकास' म्हणतो. खरं कोणीतरी सांगायला नको?"

पहिल्या मंगळवारी क्षमाने आधी कुकर लावला, मग ओटा पुसला, मग पुसलेला ओटा परत पुसला आणि शेवटी फोन लावून "बाबांचं बीपी बरं आहे" एवढं बोलून ठेवून दिला. दुसऱ्या मंगळवारी तिने समोरून आलेलं "बरं, वहिनी" ऐकून घेतलं. पुढे औषधं आली, व्यायाम आला, बाबांनी फिजिओथेरपीवाल्याला दिलेल्या शिव्या आल्या. राग होता तिथेच होता. फक्त फोन लावण्याआधी ओटा पुसणं बंद झालं. अंगात ताप असला तरी ती मंगळवार चुकवत नसे. एकदा चुकला की परत लागायचा नाही, इतकी ती स्वतःला ओळखून होती.

*

मुलुंडहून निघालेली गाडी पवईला अडकली होती आणि स्पंजचा डबा शर्मिष्ठाच्या मांडीवर होता.

"दोन तास काढ फक्त," यज्ञेश स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून आपली गौर आपल्या घरी. कटकट नाही."

"आणि त्या खोलीपाशी काय करू?"

"कुठल्या खोलीपाशी?"

"नेत्राच्या. वहिनी विचारतील ना."

"विचारलं की सांगायचं. पाठ आहे की तुला, इतकी वर्षं म्हणतेयस."

शर्मिष्ठाने खिडकीबाहेर बघितलं. पुरुषांना हे समजावण्यात अर्थ नसतो. त्यांच्या घरची रीत अशी, की दोघी सुना सुपात एकेक मुखवटा घेऊन घरभर फिरायच्या. थोरलीने प्रत्येक दारात विचारायचं आणि धाकटीने उत्तर द्यायचं. इथे काय नांदतं? अन्नधान्य नांदतं. इथे कोण नांदतं? वडीलधारे नांदतात सुखानं. तिसऱ्या कोणी मध्ये तोंड घालायचं नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय गौर त्या दारातून पुढे न्यायची नाही. लेकीच्या खोलीचं उत्तर होतं, 'लेकीबाळी नांदतात सुखानं.' जिचं लग्न आपल्या तोंडामुळे मोडलं तिच्या दारात उभं राहून हे म्हणायचं, याची शर्मिष्ठाला रक्षाबंधनापासून धास्ती बसली होती.

आपलं चुकलं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'लपवायचं कशाला' हे तर घाबरून तोंडातून गेलं होतं. अंगावर आलं की समोरच्यावर ढकलायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. मंगळवारी वहिनींचा फोन आला की ती गॅस बंद करून उभी राहायची. वहिनी तब्येत सांगायच्या आणि श्वासभर थांबायच्या. दर वेळी शर्मिष्ठाला वाटायचं, आता बोलावं, आणि दर वेळी तिच्या तोंडून "बरं, वहिनी" निघायचं. कळतं पण वळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

*

हॉलमध्ये सुलक्षणा सकाळीच घाटकोपरहून येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसली होती. शरच्चंद्रांची ही लेक, दोन भावांमधली. तिला सगळ्यांचं भलं वाटायचं आणि ते ती सगळ्यांना ऐकवायची.

"हे बघ वहिनी, मी स्पष्ट बोलते," ती तेरड्याची रोपं निवडत म्हणाली. "नेऊ दे त्यांना. तुमचं दोघींचं पटत नाही हे जगाला माहितीये."

"जगाला कोणी सांगितलं?" क्षमाने विचारलं.

जगाला सुलक्षणानेच सांगितलं होतं. मागच्या दसऱ्याला ती वहिनीच्या बाजूने इतकी तावातावाने भांडली होती की निम्म्या नातेवाइकांना भांडण तिच्याकडूनच कळलं. आता ती पक्ष बदलून बसली होती, आणि तेही वहिनीच्या भल्यासाठीच.

"सुलूचं बरोबर आहे," क्षमाचा नवरा अनिरुद्ध पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "वेगळं झालं की शांतता होईल. तुला पण आराम ना."

"कोणाला शांतता?"

"सगळ्यांनाच गं."

वर्षभरात नवऱ्याचं हे एकच मत क्षमाला पटलं होतं आणि तेच मान्य करताना जड जात होतं. समोरच्या टॉवरच्या कामाचं ड्रिलिंग सुरू झालं, तेव्हा ती उठून आत गेली.

नेत्रा पॅसेजमध्ये उकिडवी बसून रांगोळीची पावलं काढत होती. बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघर, तिथून आजोबांची खोली, तिथून तिची स्वतःची. सुट्टी घेतली होती तरी लॅबच्या फोनसाठी कानात इअरफोन होता. आई आल्यावर तिने तो काढला.

"तू हो म्हणणारेस ना?"

"सगळेच म्हणतायत. आणि खरं सांगू का, मलाही बरं वाटेल. तुलाही तिचं तोंड बघायला नको."

"मला काकूचं तोंड बघून काही होत नाही, आई. तुला होतं." नेत्राने एका पावलाला पाचवं बोट काढलं. "तो मुलगा स्वतःच्या आईला एक गोष्ट सांगू शकला नाही. मी रडायची तेवढी रडले आणि मोकळी झाले. तुम्हीच अजून माझ्या वाटचं भांडताय."

"मग काय करू? विसरून जाऊ?"

"नको विसरू. पण आता गौरी वेगळ्या झाल्या ना, की आत्या पुढची वीस वर्षं सांगणार, नेत्राचं लग्न मोडलं म्हणून दोन घरं मोडली. एक मोडलेलं लग्न मला झेपलंय. हे दुसरं माझ्या नावावर नको टाकू, प्लीज."

क्षमा भिंतीला टेकून खाली बसली. तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं. रागावून राहायलाही रोज अंगात बळ लागतं, आणि वर्षभर ती ते कुठून कुठून आणत होती.

"मला जमेल असं वाटत नाही गं."

"मंगळवारी जमतं ना," नेत्रा म्हणाली आणि पुढचं पाऊल काढायला सरकली.

*

दुपार कलली तेव्हा इमारतीच्या अंगणातल्या तुळशीपाशी दोघी सुपं घेऊन उभ्या राहिल्या. क्षमाच्या सुपात ज्येष्ठा, शर्मिष्ठाच्या सुपात कनिष्ठा. सासूबाईंनी घासून घासून गुळगुळीत केलेले पितळेचे मुखवटे. दोघींनी एकमेकींच्या पदराकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही. दारात सुलक्षणाने भाकरतुकडा ओवाळला, पायांवर दूधपाणी घातलं आणि नेत्राने पळीने थाळी वाजवायला घेतली.

"गौर आली का?" क्षमाने विचारलं.

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी."

स्वयंपाकघरात शेपूच्या भाजीचा वास भरला होता. तिथे अन्नधान्य नांदतं, हे शर्मिष्ठाने नीट सांगितलं. शरच्चंद्रांच्या दारात ती "वडीलधारे नांदतात सुखानं" म्हणाली तेव्हा आतून "हो, अर्ध्या अंगाने" असा आवाज आला आणि यज्ञेश हसला. मग पावलं नेत्राच्या दाराशी येऊन थांबली.

या दाराची क्षमाने वर्षभर वाट पाहिली होती. रात्री झोप लागायची नाही तेव्हा तिने हा प्रश्न मनात कितीतरी वेळा विचारून पाहिला होता. प्रत्येक शब्द सुटा करून, शर्मिष्ठाच्या डोळ्यांत बघत, सगळ्यांसमोर. त्यात वावगं काहीच नाही, रीतच आहे ती. तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

तिने तसं विचारलं नाही. मंगळवारी बीपी सांगायची त्याच आवाजात तिने विचारलं, "इथे कोण नांदतं?"

थाळी थांबली. शर्मिष्ठाचे ओठ हलले आणि काहीच बाहेर आलं नाही. तिने खोलीत पाहिलं. नेत्राचं टेबल, लॅपटॉप, खुर्चीवर टाकलेली ओढणी. तिच्या हातातलं सूप तिरपं झालं.

"चल गं, मुहूर्त टळतोय," सुलक्षणा मागून म्हणाली. "म्हणून मी सांगत होते, वेगळंच करा."

क्षमाला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं? जे हवं होतं ते समोर घडत होतं आणि तिला छातीत बरं वाटत होतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. पाय तिथेच रोवून घ्यावेत असं तिला फार वाटलं. सुपात कनिष्ठा एका बाजूला कलली आणि घसरायला लागली.

क्षमाने मनाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणालं असतं, हे तिला ठाऊक होतं. आपलं सूप तिने डाव्या हाताने कमरेशी धरलं आणि उजवा हात जावेच्या सुपाखाली घातला.

"शर्मिष्ठा," ती म्हणाली. नाव उच्चारताना तिला जीभ जड लागली. "नीट धर. मी परत विचारते."

"वहिनी, मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने सांग. दुसरं कुठून आणणार?"

हे काही फार गोड बोलणं नव्हतं. पण सुपाखालचा हात तिने काढला नाही. "इथे कोण नांदतं?"

"लेकीबाळी नांदतात," शर्मिष्ठा म्हणाली आणि अडली.

"सुखानं," नेत्रा म्हणाली. "म्हण ना काकू, खरंच आहे ते."

"तिसऱ्याने बोलायचं नसतं," सुलक्षणा कुजबुजली.

"तिसरी कुठे, आत्या? खोली माझीये."

"सुखानं," शर्मिष्ठा म्हणाली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने तसंच वाहू दिलं. नेत्राने थाळी जरा जास्तच जोरात वाजवली आणि गौरी पुढे गेल्या.

*

भाजीभाकरीचा नैवेद्य झाला, पंगत बसली. यज्ञेशने भाकरी मोडता मोडता विषय काढलाच. "मग वहिनी, विसर्जन झालं की कनिष्ठेला..."

"ती इथेच राहील," क्षमा वाढत म्हणाली. "माझं मत सांगितलं. तुझ्या बायकोलाही विचार, गौर तिची आहे."

"पण त्रास तुम्हालाच होतो म्हणून आम्ही..."

"होतो त्रास. तो काही डब्यात बसून मुलुंडला जाणार नाही. भाजी देऊ?"

अनिरुद्धने पहिल्यांदाच पानातून मान वर केली. सुलक्षणाने लगेच "मी तर पहिल्यापासून म्हणतेय, एकत्रच बरं" असं सांगून टाकलं आणि कोणी तिला अडवलं नाही. यज्ञेश बायकोकडे बघत राहिला.

"इथेच राहू दे," शर्मिष्ठा म्हणाली.

शरच्चंद्र डाव्या हाताने भाकरीचा घास करत होते. तो एकदा पानात पडला, दुसऱ्यांदा पडला. कोणी मदत केली नाही. तिसऱ्यांदा तो तोंडात गेला.

जेवणं झाल्यावर क्षमा भांडी विसळत होती आणि शर्मिष्ठा पुसून ठेवत होती. बाहेर यज्ञेश गाडीची किल्ली शोधत होता. पुसायचं शेवटचं ताट हातात घेऊन शर्मिष्ठा थांबली.

"वहिनी, मी बोलले ते चुकलंच. आणि लपवायचं कशाला म्हटलं ते जास्त चुकलं. तुम्ही काही लपवलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दर मंगळवारी सांगायचं ठरवायचे."

नळ चालू होता. क्षमाने तो बंद केला.

"तुम्ही मला माफ केलंत का?"

हो म्हणायला तिचं काहीच जात नव्हतं. सण होता, घरात गौरी होत्या, आणि हो म्हटलं असतं तर दोघींनाही आज झोप लागली असती. क्षमाने मनात शोधून पाहिलं. कुसळ तिथेच होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही झालं माझ्याच्याने. होईल की नाही तेही सांगता येत नाही."

शर्मिष्ठाने मान हलवली आणि ताट पुसायला घेतलं. ते आधीच कोरडं होतं.

"उद्या लवकर ये," क्षमा म्हणाली. "पुरण मला एकटीला होत नाही आता. खांदा दुखतो."

"सहाला येते."

"आणि उद्या मंगळवार आहे. फोन नाही करत मी, बाबांना तू समोरच बघशील."

शर्मिष्ठा पदर खोवून दारापर्यंत गेली. चपलांच्या रॅकवर स्पंजचा डबा होता, तो तिने उचलला नाही. चपला घालून झाल्यावर ती परत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"पुढच्या मंगळवारी मी फोन करते, वहिनी."

क्षमाच्या हातात फडकं होतं आणि ओटा अर्धा पुसून झाला होता.

"कर," ती म्हणाली. "मी इथेच असते."